लेल्यांची चहाबंदी

बिबवेवाडीत जया गायकवाड यांचा बोल्ट बनवण्याचा छोटा कारखाना होता. माल जर्मनीला जायचा आणि तिकडचा पत्रव्यवहार बँकेतून निवृत्त झालेले गोपाळकृष्ण लेले बघायचे.

परदेशी माल बनताना जेवढा धूर होतो, तेवढा कर युरोप आता लावणार, हे कळताच लेल्यांनी कारखान्यातला चहाचा स्टोव्हच बंद केला. कामगार चिडले. मग लेल्यांची नजर बुद्धमूर्तीपुढच्या उदबत्तीकडे वळली.

"लेलेकाका, हात तर लावून बघा," जयाताई म्हणाल्या.

पुढच्या व्हिडिओ कॉलवर लेल्यांनी गिऱ्हाईक कंपनीच्या जर्मन बाईंना अभिमानाने चहाबंदी सांगितली. बाई गोंधळल्या.

"चहा आम्ही हिशेबात धरत नाही. तुमची भट्टी कशावर चालते?"

"डिझेलवर," लेले पुटपुटले.

जयाताईंनी हसू दाबलं, पण रात्रभर त्यांना झोप लागली नाही. करामुळे माल महागून हे गिऱ्हाईक गेलं, तर कारखाना बसणार होता. अखेर त्यांनी विजेची भट्टी आणली. कर कमी बसला, ऑर्डर टिकली.

लेले मात्र सदाशिव पेठेत सगळ्यांना सांगतात, "जर्मनांशी मी स्वतः बोललो. ऐकावंच लागलं त्यांना."