विजयाच्या तुरीची मुळं

विजया गेल्याची बातमी मला क्लासच्या ग्रुपवर कळली. ओळखपत्रावरचा तिचा फोटो, खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि लगेच त्याखाली रविवारच्या टेस्टची वेळ… महिना उलटला. त्या रांगेत माझेही हात होते. त्यापलीकडे मी एक शब्द लिहिला नाही.

नांदेडला आम्ही एम.एस्सी. करत होतो, मी फिजिक्सला, ती बॉटनीला. त्याआधीच लातूरच्या भूकंपात तिची आई गेली होती आणि वडिलांची कंबर कायमची अधू झाली होती. तरी ती संशोधनाला राहिली. विषय तुरीच्या मुळांचा. मातीतले काही जिवाणू मुळाला रासायनिक खूण देतात. ओळख पटली की मुळावरच्या केसासारख्या पेशीत कॅल्शियमचं प्रमाण ठरावीक वेळानं चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. मग तो केस वळून जिवाणूंना आत घेतो, मुळावर गाठ धरते आणि झाडाला हवेतलं नत्र मिळतं. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत तिला दोन दिवस चांगला सूक्ष्मदर्शक मिळाला, तेव्हा तिनं ते पाहिलं. परतल्यावर म्हणाली, "अरे, ते थांबतच नव्हतं. मी जेवायलासुद्धा उठले नाही." वडील खाटेवरून म्हणाले, "गाठी तर आम्हीबी बघत आलो. आत काय चालतंय ते तू बघ."

ते बघणं अर्धवट राहिलं. वडिलांचं दुखणं वाढलं, तिची शिष्यवृत्ती संपली. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. त्यातल्याच एकात मी शिकवत होतो; मीच तिला बोलावलं. "दोन वर्षं कर, मग परत जा," म्हणालो. वडील गेले, तरी ती परत गेली नाही. दरवर्षी मीच तिला आणखी एक बॅच द्यायचो.

एकदा तिनं अख्खा तास मुलांना ते कॅल्शियम सांगितलं. संचालकांकडे तक्रार गेली. मी शिक्षकांचा प्रमुख; तिला बोलावून म्हणालो, "परीक्षेत येत नाही ते कशाला शिकवतेस?"

"परीक्षेत येत नाही म्हणून मुळात होत नाही का?"

पुढच्या महिन्यात तिला शिकवण्यावरून काढून उत्तरपत्रिका तपासायला बसवलं. त्या आदेशावर सही माझी. "ठीक आहे," म्हणाली आणि हातातला खडू माझ्या टेबलावर ठेवून गेली. शेवटपर्यंत ती तपासतच राहिली… आजारपण तिनं कुणाला कळू दिलं नाही. मीही विचारलं नाही.

परवा तिच्या घरमालकीणबाईंचा फोन आला, खोली दोन विद्यार्थिनींना द्यायची होती; तिचं सामान हलवायला मी गेलो. खिडकीत वाळू भरलेल्या, काळा कागद गुंडाळलेल्या बरण्या होत्या. प्रत्येकीत तुरीचं रोप.

"मॅडम म्हणल्या होत्या, वाळू सुकू द्यायची न्हाई," बाई म्हणाल्या. "मी रोज पाणी घालते."

मी एक रोप उपटलं. मुळं गाठींनी भरली होती. एक गाठ नखानं फोडली. आतून गुलाबी निघाली, म्हणजे जिवंत. मी ते रोप पुन्हा वाळूत खोचायला गेलो. बाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"राहू द्या सर," त्या म्हणाल्या, "तुमच्यानं न्हाई व्हायचं."