चकलीची शतपावली

"पोट कसंय?"

नमस्कार नाही, या-बसा नाही, थेट हाच प्रश्न. दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे काका भेटले, की आधी आपल्या पोटाकडे बघायचे आणि मग तोंडाकडे. गेटवरच्या गार्डला "पेट कैसा है, भाई?" आणि मीटिंगमध्ये तावातावाने भांडणाऱ्या सेक्रेटरीला "आज पेट साफ़ नहीं हुआ लगता है." माझी धाकटी जाऊ लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आली, तेव्हा तिलाही त्यांनी हेच विचारलं. ती जी आत पळाली, ती काका घरी जाईपर्यंत बाहेर आली नाही.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. पण आमच्या काकांची सर त्याला यायची नाही.

काकांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या ऑफिसात गेली आणि सगळा संसार लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये झाला. रिटायर झाल्यावर ते इकडे आले. खिशात ओव्याची डबी कायम असायची, पण खरा विश्वास एकाच औषधावर, तो म्हणजे शतपावली. जेवणं झाली की आमच्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये त्यांच्या फेऱ्या सुरू. पुढे काका, मागे नाइलाजाने काकू. जाता जाता आमची बेल वाजवायची आणि ओरडायचं, "उठा! जेवून आडवं व्हायचं नाही!" अहो, दिवसभर ऑफिस आणि वर मेट्रोचे धक्के खाऊन आलेली बाई जेवल्यावर सोफ्यावर पसरणार नाही तर काय करणार? काकूंना तर दुपारी जेवल्यावर जरा पाठ टेकायची भारी हौस. पण पाठ टेकते न टेकते तोच "ऊठ गं, ऊठ" सुरू व्हायचं.

काकू गेल्या. काका एकटेच फेऱ्या घालू लागले आणि बेल वाजवणं बंद झालं. सुटले बाई, असं मला वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

आणि मग त्यांच्या घरी साप आला.

साप नातीचा. नात नोएडाला आईवडिलांकडे वाढलेली, पक्की दिल्लीवाली, मराठी बोलता बोलता हिंदीत घुसणारी. तिनं रीतसर कागदपत्रं करून बॉल पायथन पाळला होता. म्हणजे अजगरातलीच एक लहानखोर जात, बिनविषारी. हिचं तर पिल्लूच होतं. घाबरलं की स्वतःचं वेटोळं करून बसायचं, म्हणून नाव चकली. नात कॉलेजसाठी चंडीगढला निघाली तेव्हा हॉस्टेलमध्ये साप चालेना, आणि आईनं तर सांगूनच टाकलं, "तू नसताना हे मी बघणार नाही. देऊन टाक कोणाला तरी." पोरगी रडकुंडीला आली. तेव्हा काका म्हणाले, "मी सांभाळतो. दिवाळीला आलीस की जशीच्या तशी तुझ्या हातात देईन." आई कबूल झाली, पण एका अटीवर. "बाबा, काही झालं ना, त्याच दिवशी ती घराबाहेर."

मी सापाला घाबरते, हे इथेच सांगून टाकते. टीव्हीवर साप दिसला तरी मी पाय वर घेते.

काका स्वतः अंडंसुद्धा खात नसत. पण त्यांच्या फ्रीजरमध्ये मटारांच्या शेजारी उंदरांची पिशवी आली. आठवड्यातून एकदा गोठवलेला छोटा उंदीर कोमट पाण्यात ठेवायचा आणि मग सांडशीत धरून चकलीच्या पुढे करायचा.

"काका, ती सांडशी वेगळी ठेवलीय ना?" मी विचारलं.

"अगं, बिल्कुल वेगळी!"

तरी त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे चहा घेतला नाही.

पण एक सांगते, माणूस बदललं. रोज दाढी होऊ लागली. सकाळी काचेच्या पेटीसमोर खुर्ची टाकून, "काय चकलीबाई, पोट कसंय?" असं सुरू व्हायचं. ती जीभ लपलप करायची आणि काका म्हणायचे, "छान, छान."

ऑक्टोबर लागला, दिल्लीची हवा कोरडी पडली आणि काकांचा चेहरा उतरला. "हिचं पोट साफ होत नाहीये गं. खाते आहे, पण बाहेर काहीच नाही." रंगही मळका दिसत होता. नातीला विचारा म्हटलं, तर म्हणाले, "तिची परीक्षा चाललीय. तिच्या डोक्याला घोर कशाला?"

आता एवढी काळजी लागल्यावर आमच्या काकांनी काय केलं असेल? बरोबर ओळखलंत.

संध्याकाळी मी कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला दार उघडलं, तर कॉरिडॉरमध्ये काका फेऱ्या घालताहेत. हातात टॉवेल, टॉवेलात चकली, आणि तिचं पोट उंदरानं फुगलेलं. तान्ह्या बाळाला थोपटावं तसं थोपटत ते चालले होते.

"शतपावली," ते म्हणाले. "नुसतं बसून कसं पचेल तिला?"

मी पिशवी तशीच हातात घेऊन आत आले आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काका उभे होते, चेहरा पांढराफटक. "तिनं सगळं ओकून टाकलं," ते म्हणाले.

त्यांच्या घरात पाऊल टाकवत नव्हतं असा वास सुटला होता. चकली कोपऱ्यात वेटोळं करून पडली होती आणि तिच्या डोळ्यांवर दुधाळ निळं सावट आलं होतं. "आंधळी झाली गं पोर," म्हणून काका मटकन खालीच बसले. "शब्द दिलाय मी नातीला." साप मेला असता तर मला काय, असं आदल्या दिवशीपर्यंत मी म्हटलं असतं.

ऑफिसला सुट्टी टाकली. अशा प्राण्यांची एक डॉक्टर गुरुग्रामला आहे असं कळलं, म्हणून कॅब बोलावली. काका सारखं झाकण उघडून बघायला लागले, त्यामुळे चकलीचा डबा मांडीवर घेऊन कोण बसलं? मी! डोळे मिटून, श्वास रोखून.

"डिब्बे में क्या है, मैडम?" ड्रायव्हरनं विचारलं.

मी काही थाप मारणार, एवढ्यात काका बोलले, "पोती का साँप है. पेट ख़राब है बेचारी का."

गाडी थेट कडेला. आता उतरवतो की काय! पण तो आरशातून काकांकडे बघत राहिला. त्यांचे डोळे भरलेले त्याला दिसले असावेत. "ढक्कन पक्का बंद है ना?" एवढंच विचारून त्यानं गाडी सुरू केली. थोड्या वेळानं काकांनीच विचारलं, "आपका पेट कैसा है?" बिचाऱ्याला ॲसिडिटी निघाली. गुरुग्राम येईपर्यंत ओव्याची डबी त्याच्या डॅशबोर्डवर होती.

डॉक्टर तरुण मुलगी होती. चकलीला उलटसुलट तपासून तिनं विचारलं, "खाने के बाद इसे किसी ने उठाया था?"

"मैंने. टहलाया."

"टहलाया? क्यों?"

"हमारे यहाँ खाने के बाद टहलते हैं."

तिच्या ओठांवर हसू आलं होतं, पण काकांकडे बघून तिनं ते आवरलं. मग नीट समजावून सांगितलं. खाल्ल्यावर हिला हलवलं की ही ओकते. ऊब घेत, आडवं पडूनच हिचं पचतं. आंधळी झालेली नाही. कात टाकायला आलीय, म्हणून डोळे असे आणि रंग मळका. हवा कोरडी आहे, अंगात पाणी कमी पडलंय, पोटही त्यानंच अडलंय. पेटीत ऊब ठेवा, ओलसर शेवाळाचा डबा ठेवा, काही आठवडे खायला देऊ नका आणि हात लावू नका. कात एकसंध निघायला हवी, डोळ्यांवरच्या पापुद्र्यांसकट. "और दोबारा उल्टी हुई तो मुश्किल है, अंकल. छोटी है अभी."

"तो मैं क्या करूँ?" काकांनी विचारलं.

"कुछ नहीं."

हे काम जन्मात त्यांना कुणी दिलं नव्हतं.

परत येताना काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्या हिलाही जेवल्यावर आडवं व्हावंसं वाटायचं. जन्मभर उठवत राहिलो मी. तिलाही तसंच पचत असेल, नाही का गं?" मी डबा जरा घट्ट धरला.

घरी आल्याबरोबर त्यांनी नातीला फोन लावून सगळं सांगितलं. लपवाछपवी त्यांच्या स्वभावातच नव्हती. फोन स्पीकरवर होता. "आबा! मी बोलले होते ना, खाल्ल्यावर हात नाही लावायचा!"

"हात कुठे लावला? टॉवेलवर घेतलं होतं."

पलीकडे ती रडायला लागली. "मम्मी को मत बताना, आबा, प्लीज. ती आजच देऊन टाकेल चकलीला."

त्यानंतर काकांची खुर्ची कॉरिडॉरमध्ये आली. "आत बसलो की हात जातो," ते म्हणाले. दिवसातून दोनदा आत जाऊन शेवाळ ओलं करायचं आणि पाय न वाजवता बाहेर यायचं. या सगळ्या काळात त्यांनी कुणालाही पोटाचं विचारलं नाही. गार्डनं मला गाठून विचारलं, "मैडम, अंकल जी ठीक तो हैं ना?" माझाही जीव टांगणीला लागला होता. ऑफिसातून आले की मी आधी काकांच्या तोंडाकडे बघायची. ते मान हलवायचे, अजून नाही.

आणि मग एका सकाळी बेल वाजतच राहिली. मी तोंडात ब्रश घेऊन दार उघडलं.

"झालं! साफ झालं! आणि कातही टाकली! चल, चल!"

पेटीत एका बाजूला चकलीच्या पोटाची खुशखबर पडली होती. दुसऱ्या बाजूला कात होती, घाईत उलटा काढलेला मोजा पडावा तशी, नाकापासून शेपटीपर्यंत सबंध. काकांनी ती दोन्ही हातांवर अलगद घेतली आणि खिडकीशी नेली. "तुझे डोळे चांगले आहेत. बघ, पापुद्रे आलेत का." मी वाकून पाहिलं. दोन बारीक, गोल, काचेसारखे पापुद्रे जागच्या जागी होते.

"आहेत, काका! दोन्ही आहेत!"

मी कात हातात धरलीय, हे मला नंतर कळलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते त्या दिवशी समजलं. काका रडत होते, हसत होते आणि मधेच मला विचारत होते, "तुझं पोट कसंय गं?"

डॉक्टरनं सांगितलं होतं तेवढे दिवस जाऊ दिले, मग अगदी लहान उंदीर दिला. तो पोटात राहिला. दिवाळीला नात आली ती बॅगेसकट थेट इकडेच. चकली तिच्या मनगटाभोवती गुंडाळून बसली, नव्या कातडीनं चकचकीत. "आबा, ये तो चमक रही है, यार!" आईला यातलं आजही काही माहीत नाही. तुम्हीही बोलू नका.

कॉलेज संपून आता नातीला गुरुग्राममध्ये नोकरी लागलीय. भाड्याचा फ्लॅट घेतल्यावर ती चकलीला न्यायला आली आणि आबांनाही घेऊन गेली. निघायच्या दिवशी मी उपमा करून नेला, तर काकांनी हात जोडले. "प्रवास आहे म्हणून तिला खायला दिलं नाहीये. ती उपाशी असताना मी कसा खाऊ?" खाली गाडीपाशी गार्डच्या पोटाची चौकशी झाली, सेक्रेटरीच्याही पोटाची झाली. गाडी गेली. आता आमच्या मजल्यावर जेवणानंतर कुणाच्या चपलांचा आवाज येत नाही, आणि मला ते आवडत नाही.

मागच्या रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज इतका बारीक, की मला धस्स झालं.

"काका, बरं आहे ना? असं का बोलताय?"

"हळू बोल. चकली जेवलीय. पडलीय निवांत."

"आणि तुम्ही? तुमचं जेवण झालं?"

"झालं की, आत्ताच."

"मग शतपावली?"

पलीकडून जांभई ऐकू आली. मग काका म्हणाले, "नाही गं. मीही आडवा झालोय."

मी पुढे काही विचारायच्या आत त्यांचं घोरणं ऐकू यायला लागलं. फोन मी लगेच ठेवला नाही.