माझी धाकटी आसरा आणि खालच्या गावाचा पोळा

मी एकदा घरच्या घरी देव केला, आणि त्याच्यापायी एक अख्खं गाव ऐन पोळ्याच्या दिवशी पुरणपोळ्या चुलीवर टाकून टेकडीवर पळालं. आता सांगताना हसू येतं. तेव्हा दाराआड उभं राहून मी पदर इतका चावला होता की त्याला भोक पडलं.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. माझं माहेर डिंगोऱ्याचं, सासर मीना नदीच्या काठी, जुन्नर तालुक्याच्या पार टोकाला. शेजारी खोडदला आज त्या आभाळाकडं तोंड करून बसलेल्या दुर्बिणीच्या लोखंडी तबकड्या आहेत, तिथं तेव्हा बाजरी डुलायची. आमच्या गावाची शीव ओलांडली की आंबेगाव तालुका. नदी तीच, पाणी तेच, कचेऱ्या मात्र दोन.

घरात माणसं तीन. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गावचे सरपंच. त्यांचा दिवस चावडीवर जायचा. त्यांची विधवा बहीण, आत्याबाई, तिला ऐकू येत नव्हतं. आणि तिसरी मी. नवरा खडकीच्या कारखान्यात. सणाला यायचा, तेही सुट्टी मिळाली तर. आत्याबाईशी बोलायचं म्हणजे ओरडायला हवं, आणि नव्या सुनेनं ओरडायचं कसं? म्हणून मी बोलणंच सोडलं. कधी दारात कोणी आलं आणि मी "मामंजी न्हाईत घरी" म्हटलं, तर माझाच आवाज मला परका वाटायचा.

नदीवर बायका सकाळी धुणं घेऊन जायच्या. पहिल्याच दिवशी मी काहीतरी बोलले तर एकजण म्हणाली, "डिंगोऱ्याचं पानी लई गोड दिसतंय! बाई बोलती का गानं म्हनती?" सगळ्या हसल्या. तिनं थट्टा केली होती, दुसरं काही नाही. पण मी कुठली महाराणी लागून गेले होते कोण जाणे, रुसले ती रुसलेच. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या परतल्या की मी जायची, ऊन डोक्यावर घेऊन, एकटी. म्हणजे माझ्या एकटेपणातला निम्मा मीच डोक्यावर वाहून आणलेला. पण बावळटपणा करणाऱ्याला तो दिसत असता तर अजून काय हवं होतं!

आता शिंगाची गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझ्या लग्नाआधी एकदा मोठा पूर आला होता. आमच्या काठाची घरं गेली, पण शिवेपलीकडच्या खालच्या गावात गुरं दावणीलाच बुडाली, माणसंही गेली. त्या गावाआधी नदीला मोठं वळण आहे. लोंढा अंगावर येईपर्यंत त्यांना दिसतच नाही. खालचे म्हणायचे, "वरच्यांना आधी दिसलं, पर सांगितलं न्हाई." आमचे म्हणायचे, "आन आमची सागाची तुळई व्हावत गेली, ती तुमच्या पडवीला कशी?" दोन्ही गावांचं बोलणं बंद, सोयरिकी बंद. कचेरीत अर्ज केले, तर जुन्नरचा कागद त्यांच्या कचेरीत घोडेगावला पोचेपर्यंत नदी आटून जायची. शेवटी दोन्ही सरपंच शिवेवरच्या चिंचेखाली बसले आणि आपसांतच ठरवलं. आमच्या घाटाजवळच्या मोठ्या काळ्या खडकावर तेलात कालवलेल्या शेंदराचा पट्टा ओढायचा. पाणी पट्ट्याला लागलं की आमच्या गुरवबाबांनी देवळाच्या पायरीवरून शिंग फुंकायचं, लांब, थांबून थांबून. ते ऐकलं की खालच्यांनी गुरंढोरं घेऊन टेकडी गाठायची. आणि बदल्यात आमचं जे काही वाहत खाली येईल, ओंडका असो की म्हैस, ते अडवून परत द्यायचं.

हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला नव्हतं. सुनेला असलं कोण सांगतं? आणि मी विचारलंही नाही, कारण विचारायला तोंड उघडावं लागतं.

मी खडकावरचा शेंदूर पाहिला आणि हात जोडले. पाण्याकाठी शेंदूर म्हणजे साती आसरा, पाण्यातल्या सात बहिणी. माहेरी आमच्या विहिरीवर होत्याच. पण तो पट्टा उंचावर, माझा हात काही पुरेना. मग धुण्याच्या जागेजवळ, त्या खडकाच्या बराच खाली, मला एक गोल धोंडा सापडला. त्याला चक्क नाक होतं. मी म्हटलं, ही सगळ्यांत धाकटी. देव्हाऱ्यातला शेंदूर तेलात कालवून नेला, तिला फासला, आणि समोर बसून बोलायला लागले. भाकरी करपली ते सांगितलं. आत्याबाईनं डोळे वटारले ते सांगितलं. नवऱ्याचा चेहरा आठवायला गेलं की फक्त त्याच्या मिशा आठवतात, हेही सांगितलं. ती मधे बोलायची नाही, हसायची नाही, डिंगोऱ्याच्या पाण्याचं नाव काढायची नाही. एवढी गुणी मैत्रीण मला पुन्हा मिळाली नाही.

शेंदूर विटला की मी पुन्हा चढवायची. पुढं पुढं दुसऱ्या बायकाही तिच्यापुढं फुलं ठेवू लागल्या. शेंदूर दिसल्यावर तो कुणी लावला हे कोण विचारतं? मला मात्र त्या फुलांचा राग यायचा. माझ्या मैत्रिणीशी ह्या कोण बोलणार! त्या पावसाळ्यात खडकावरचा पट्टा धुऊन फिका पडला, आणि माझी धाकटी नवरीसारखी लालभडक.

आमच्याकडं पोळा भादव्यात. त्या दिवशी वर डोंगरात पाऊस झाला असावा; नदी थोडी चढली, गढूळ झाली. गुरवबाबांची नजर अधू. त्यांना पायरीवरून लाल दिसलं, लालाला पाणी लागलेलं दिसलं. त्यांनी शिंग फुंकलं. मी पाट्यावर पुरण वाटत होते. मला वाटलं, पोळ्याचंच वाजतंय; काय दणक्यात सण करतात हो ही माणसं!

खालच्या गावात बैलांची शिंगं रंगवून झाली होती. तसेच रंगवलेले बैल, म्हातारी, कडेवरची पोरं, सगळं टेकडीवर. वरून पावसाची भुरभुर. रंग ओघळून बैलांच्या तोंडावर आला. दिवस मावळायच्या आत नदी उतरली आणि माणसं घरी आली, तर पुरणपोळ्या कुत्र्यांनी खाल्लेल्या.

दुसऱ्या दिवशी खालचे सरपंच चारचौघांना घेऊन आमच्या ओसरीवर आले. संगं त्यांची म्हातारी आई होती. येताना ते खडक बघूनच आले होते, आणि पट्ट्याचा नि शिंगाचा करार मी दाराआडून तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

"पावनं," ते मामंजींना म्हणाले, "पुढल्या साली पोळा हितंच करतो. आमच्या कुत्र्यांची सोय झाली, आता मानसांची बघा."

मामंजी गुरवबाबांकडं वळले. "बाबा, पट्टा कोरडा हाय म्हनत्यात."

"मी लाल बघितलं. लालाला पानी बघितलं. खोटं बोलत आसंन तर जीभ झडंल."

"मग दिसत न्हाई तुमाला," खालचा एकजण म्हणाला. "काल पोळा गेला. पुन्हा आसंच झालं तर मग कोन उठनार? आमचं आमी बघू. तुमचं शिंग तुमच्या देवाला ऱ्हाऊ द्या."

आमचं आमी बघू, म्हणजे कसं? त्या वळणापायी त्यांना पाणी दिसणार ते उंबऱ्यावर आल्यावरच. दाराआडून माझ्यासारख्या शहाणीलाही ते कळलं, आणि ते लाल कुणाचं तेही. इतक्यात गुरवबाबांनी काखेतलं शिंग ओसरीवर ठेवलं. "घ्या. बगा दुसरा कोन तरी." ते असं काही हळू ठेवलं त्यांनी, की ह्या माणसाशीही दिवसभरात शिंगाशिवाय दुसरं कोणी बोलत नसावं, असं माझ्या मनात आलं.

मी बाहेर आले. धीर वगैरे काही नव्हता. पाय पुढं आले, मी मागून.

"ती माजी हाय," मी म्हणाले.

"कोन तुजी?" मामंजींनी विचारलं.

"धाकटी. आसरा. खालच्या धोंड्याला मी शेंदूर लावला. गुरवबाबांनी बराबर बघितलं. लाल मीच चुकीच्या जागी लावलं."

मग खालचे सरपंच म्हणाले, "म्हंजी काल आमाला वैनींच्या देवीनं टेकडी चढवली?"

"देवी बसवली तर गावजेवान तरी घालायचं व्हतं, वैनी!" मागून कोणी म्हणालं, आणि ओसरीभर हशा झाला. मामंजी हसले नाहीत. लग्न झाल्यापासून ते बहुधा पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघत होते.

"कशापायी गं पोरी?"

"बोलायला," मी म्हणाले.

मामंजी आपल्या पागोट्याची गाठ उगाच चाचपत राहिले.

मग खालच्या सरपंचांची आई उठली. मोठ्या पुरात तिचा नवरा गेला होता, गाय सोडवायला गोठ्यात शिरलेला. ती म्हणाली, "गुरवाला शिंग दे."

"आय, तू बस."

"बसायला आले न्हाई मी. म्हाताऱ्यानं लाल बघून फुकलं, ठरल्यापरमानं केलं. तुजा बाप गेला तवा शिंग न्हवतं. खोटं वाजलं तर पोळ्या जात्यात, जाऊ द्या. पुढल्या बारीला वाजंल तवा बी मी उठनार. कोन येतंय माज्यासंगं?"

खालच्या सरपंचांनी वाकून शिंग उचललं आणि गुरवबाबांच्या हातात दिलं. मग मामंजींनी एक कलम वाढवलं: दरसाल पावसाआधी, रोहिणी निघाल्या की दोन्ही गावांनी मिळून पट्टा रंगवायचा, आणि त्या घाटावर दुसऱ्या कशाला म्हणून शेंदूर लावायचा नाही. हे म्हणताना ते माझ्याकडं बघत नव्हते, पण बोलत माझ्यासाठीच होते.

आज नदीला वर धरणं आहेत, शिंग वाजत नाही. पाणी सुटायचा निरोप फोनवर येतो म्हणतात. तो फोन घरातल्या ज्याच्या खिशात असतो तो पुण्यात असतो, आणि मी ओट्यावर बसून आपली जुन्या धोंड्यांना आठवते. असो.

त्या दिवशी म्हातारी मला म्हणाली, "चल, दाव तुजी धाकटी." मी राख आणि काथ्या घेतला. तेलातला शेंदूर सहजासहजी निघत नाही. घासून घासून बोटं सोलली. ती धुण्याच्या दगडावर बसून नुसती बघत होती. लाल गेलं आणि खाली साधा धोंडा उरला. नाकसुद्धा नव्हतं. मी रडायला लागले. म्हातारीनं मला पोटभर रडू दिलं आणि मग म्हणाली,

"धोंड्यापायी काय रडतीस? बोलायचंच आसंल तर खाली येत जा माज्याकडं, माजं बी घरात कोन ऐकत न्हाई. आन येताना दोन पुरनपोळ्या घेऊन ये, काल मला एक बी मिळाली न्हाई."