चूर्णात काय होतं

इकडे परदेशात आमच्याकडे रविवार उजाडला की अमेरिकेत शनिवारचे बेसबॉलचे सामने चालू असतात. पोह्यांच्या बशा घेऊन मी आणि मुलगी टीव्हीसमोर बसतो. ती स्वतः आमच्या पापाकुरा उपनगराच्या क्लबकडून सॉफ्टबॉल खेळते आणि लांब चेंडू मारण्याबद्दल ओळखली जाते. मी पेनरोजच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे, शंका घेण्याचाच पगार घेतो. चाळिशीला टेकलेला एखादा खेळाडू अचानक चेंडू प्रेक्षकांत टोलावून होमरन काढू लागला की मी म्हणायचो, "हा स्टेरॉइड घेतोय. मान बघ त्याची, गेल्या वर्षी एवढी होती का?" पुरावा कुणाकडेच नसायचा. अशांपैकी कुणी म्हणालाच, की ट्रेनरने काय दिलं ते मला माहीत नव्हतं, तर आम्ही दोघं मनसोक्त हसायचो.

गेल्या वर्षी तिची इथल्या राष्ट्रीय संघाच्या शिबिरासाठी निवड झाली. तिथे पहिल्याच दिवशी सांगितलं, पोटात जे जातं त्याला खेळाडूच जबाबदार. घरी आल्या आल्या तिने ओट्यावरचा डबा उघडला. त्यात माझ्या बहिणीने पुण्यातल्या वैद्यांकडून घेऊन पाठवलेलं शक्तीचं चूर्ण होतं. येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेतून ते येतं; विमानतळावर 'हर्बल' म्हटलं की सुटतं. बायको रोज सकाळी ते तिला दुधातून द्यायची. पुडीवर नुसतं 'सकाळी, दुधातून' एवढंच लिहिलेलं.

"मॉम, व्हॉट्स इन धिस?"

"अगं, घरचंच आहे ते," बायको म्हणाली. वैद्यांना घटक विचारायची आपल्यात रीतच नाही.

मी वैद्यांना फोन लावला, स्पीकरवर.

"तीन पिढ्यांची कृती आहे साहेब, अपाय होणार नाही."

"पण घालता काय त्यात?"

"थोडं आमचं, बाकी तयार चूर्ण बाहेरून येतं. मुलीला गुण आलाय ना? मग झालं तर!"

मुलीला मराठी नीट कळतं. तिचा चेहरा उतरला आणि मी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी तिने आपणहून कोचला सगळं सांगितलं. चौकशी पुरी होईपर्यंत तिला खेळता येणार नव्हतं; संघ तिच्याशिवाय ऑस्ट्रेलियाला गेला. उरलेल्या पुडीच्या तपासणीत काही सापडलं नाही. पण पुडी नवी होती. ज्या सीझनमुळे तिची निवड झाली, त्या वेळच्या पुड्या केव्हाच संपल्या होत्या.

तिला परत खेळायची परवानगी मिळाली त्या दिवशी मी तिला मैदानावर सोडायला गेलो. गाडीतून उतरायच्या आधी ती म्हणाली, "बाबा, लास्ट सीझनचे ते होमरन... वॉज दॅट मी?"

"तूच," मी म्हणालो. मला तसं वाटत होतं, पण माहीत नव्हतं, आणि हे तिला माझ्या आवाजावरून कळलं.