तंबूंचं पीक

पवनानगरच्या अलीकडे, धरणाच्या पाण्याला लागून आमचं भातखाचर आहे. भात निघालं की तिथं तंबू लागतात. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं येतात, शेकोटी करतात, सकाळी पिठलं-भाकरी खाऊन जातात. भाकरी बायको थापते. धंदाही तिच्याच नावावर. फोन नंबर नि ईमेल तेवढा माझा. आमच्याकडे असंच चालतं. पुरुषानं ठरवायचं, बाईनं सही करायची.

तंबूंची कमाई मी तिच्या विवरणपत्रात शेतीचं उत्पन्न म्हणून दाखवत आलो. शेतात उभं राहिलं ते शेतीचंच, असं पाण्याकाठचे सगळेच म्हणायचे, आणि शेतीला कर नाही. मला शंका होती. खरं सांगायचं तर शंकेच्या पुढचं होतं. कुणाला विचारलं तर उत्तर मिळेल, म्हणून विचारलं नाही.

मग आयकर खात्याची नोटीस आली. माझ्या फोनवर, तिच्या नावानं. मी तिला बोललो नाही. ती चुलीपुढे बसली की वाटायचं, माझ्यापायी हिला धरून नेतील. घास उतरेना.

चुलत्यांना तेवढं सांगितलं.

"सायेब बी मानूसच हाय," आबा म्हणाले. "इंद्रायणी तांदळाचं एक पोतं टाक गाडीत नि जा."

"कुटं जाऊ, आबा? हे समदं कंप्युटरवरच चालतंय. कचेरीत जायचंच न्हाई."

"मंग दोन पोती ने."

एक पोतं टाकून लोणावळ्याला गेलो, ते कर सल्लागार बाईंकडे. त्यांनी नोटीस वाचली.

"करदात्या कुठायत?"

"सगळं मीच बघतो, मॅडम."

"ते दिसतंय. पण नोटीस त्यांना आहे. त्यांना माहीत नसताना मी एक ओळही लिहिणार नाही."

मी विचारलं, अटक होईल का? त्या हसल्या नाहीत, त्याचं बरं वाटलं. म्हणाल्या, ही विचारणा आहे. उत्तराला वेळ मागता येतो. निर्णयाआधी आपलं म्हणणं ऐकून घ्या, असं सांगता येतं, समोरासमोर नाही तर व्हिडिओवर. निर्णय कारणांसकट लेखी मिळतो, आणि पटला नाही तर अपील आहे. "घाबरायचं कारण नाही, लपवायचंही नाही. आणि ते पोतं घरी न्या."

संध्याकाळी बायको तंबूतल्या सतरंज्या झटकत होती. तिथंच सगळं सांगितलं. शेतीचं नव्हे हे मला कळत होतं, हेसुद्धा. ती झटकत राहिली.

"जेवत न्हवता, तर मला वाटलं साखर वाढली," ती म्हणाली. मग थांबून, "माझ्या नावानं आलंय नि मलाच ठाव न्हाई, व्हय? आता मी बोलनार. तुमी गप बसायचं."

सुनावणी मॅडमच्या ऑफिसात, कॉम्प्युटरवर झाली. मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो. पडद्यावरचे साहेब हिंदीत विचारत होते, मॅडम मधे पडून समजावत होत्या.

"सायेब, तंबू आमचेच, भाकरी मी थापते. शेतीचं म्हनून लिवलं ते चुकलं. कुनी लिवलं ते आमी घरात बघू. कर असंल तो भरते."

तिनं माझं नाव घेतलं नाही, आणि खोटंही बोलली नाही.

साहेबांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय? मला वाटलं, आता संपलं. ही पुढे सरकली.

"भात तरी शेतीचंच ना?"

साहेब पहिल्यांदाच हसले. "हां जी, धान तो खेती ही है."

निर्णय लेखी आला, कारणांसकट. कर आणि व्याज. दंड माफ व्हावा म्हणून मॅडमनी वेगळा अर्ज केला, तोही मंजूर झाला. तंबू विकून नव्हे, तंबू चालवूनच भरलं. त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आबांनी मात्र अजून मानलेलं नाही; त्यांच्या मते तांदूळ दिला असता तर व्याजही सुटलं असतं.

ईमेल आता तिच्या फोनवर असतो. परवा जेवताना तिचा फोन वाजला. आयकर खात्याचंच काहीतरी होतं. माझा हात जरासा थांबला.

"काय हाय?"

"माझं हाय," ती म्हणाली, आणि ताटात गरम भाकरी टाकली.