फुटली म्हणू नये

"हात सैल सोडा की, ताई. माहेरी आल्यागत बसा." आमच्या गल्लीतले कासारमामा बांगड्या भरताना प्रत्येकीला हेच सांगायचे. आपण हात सैल सोडलाय असं प्रत्येकीला वाटायचं आणि तो कुणीच सोडलेला नसायचा. मग मामा अंगठ्याखालचा भाग हलके दाबत घरच्या गप्पा काढायचे, तेलुगू बायकांशी तेलुगूत, आणि बोलता बोलता बांगडी मनगटावर गेलेली असायची.

बांगडी फुटली असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. "फुटली न्हाय, वाढली म्हणायचं," ते दटावायचे. पंचाहत्तर सालच्या आसपास मी शेजारच्या दवाखान्यात नर्स होते. तिथे डॉक्टर एकदा म्हणाले, "मामा, प्रेशर वाढलंय." हा गृहस्थ पोट धरून हसला. "आमच्यात वाढलं म्हंजी फुटलं, डॉक्टरसाहेब!" आम्हीही हसलो.

प्रेशरच्या गोळ्या मात्र त्यांनी अगदी नेमानं घेतल्या. वर्ष उलटलं आणि बोटांचे सांधे सुजू लागले. अंगात बारीक ताप, खोल श्वास घेतला की छातीत कळ. गल्लीनं वात ठरवला आणि निर्गुडीचा पाला सुचवला. दुखणं वाढलं तसे मामा एकही गोळी चुकू नये म्हणून आणखीच जपू लागले.

मग मंगळवेढ्याच्या एका लग्नघरी नवरीचा चुडा भरताना ती ताठरलेली बोटं अडली आणि बांगडी तिच्या मनगटात रुतली. रक्त आलं. "वाढली बाई, वाढली," मामा म्हणत राहिले, पण नवरीच्या आईनं उरलेला चुडा दुसऱ्या कासाराकडून भरून घेतला. हे सांगताना ते माझ्यासमोर रडले. "लेकीचं रगत काढलं मी. ह्या हातांनी."

डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं. ल्युपस निघाला. शरीर आपल्याच अंगावर उलटतं असा आजार, आणि ते उलटवलं होतं त्या प्रेशरच्याच गोळीनं. क्वचित एखाद्याला होतं म्हणे. गोळी बंद केली, हळूहळू सूज उतरली. पहिल्या बांगड्या मामांनी मला भरल्या. "बगा ताई, हात आलं परत!"

प्रेशरसाठी डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली. ती त्यांनी घेतलीच नाही. मी रागावले, विनवण्या केल्या, ही गोळी वेगळी आहे म्हणून परोपरीनं सांगितलं.

"एका गोळीनं हात नेलं हुतं, ताई. दुसरी काय नेईल, कुनी बगितलंय?"

त्या माणसाला मरणाची भीती नव्हती, पुन्हा एखाद्या मनगटातून रक्त येण्याची होती.

श्रावणातल्या एका सकाळी त्यांची सून धावत बोलवायला आली. मामा खाटेवर होते, तोंड वाकडं झालेलं, वाचा गेलेली. मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. सांध्यांवर कुठेही सूज नव्हती. हात अगदी सैल होता, आम्हा बायकांना कधी जमला नाही इतका. दुपारी ते गेले.

"मेंदूतली शीर फुटली," डॉक्टर मला हळूच म्हणाले.

दारात गल्लीतल्या बायका उभ्या होत्या. काय झालं, काय झालं, विचारत होत्या. मला रडू आवरेना.

"डोक्यातली शीर," मी म्हणाले, "वाढली."