पहिलीचा वर्ग आमच्या सपरीत

दुकानात माल भरावा लागतो, किस्से आपोआप भरतात. सडक अर्जुनीला हायवेवर माझं दफ्तरं, युनिफॉर्म, वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. गिऱ्हाईक काही घेवो न घेवो, एखादी गोष्ट टाकून जातंच! यंदा मात्र जे जमलं ते सगळं घरचंच. मी अजून सावरलेलो नाही.

*

जूनचे दिवस, ऐन सीझन. एका गिऱ्हाइकाला मी दफ्तर दाखवत होतो, "भाऊ, शाळेशिवाय पोराचं काही खरं नाही!"

तेवढ्यात आमच्या सूनबाई मागच्या दारातून आल्या. प्रीती, बी.एस्सी. झालेली, आमच्या नातीची, ओवीची आई. "बाबा, ओवीला पहिलीत टाकायचं नाही. मी घरीच शिकवते. होमस्कूलिंग!"

माझ्या हातातलं दफ्तर हातातच! गिऱ्हाईक एकदा तिच्याकडे बघतं, एकदा माझ्याकडे.

"शेठ, मंग हे आम्हाले कायले विकून राहिले?"

*

खरा भडका उडाला तो माझ्या बायकोचा, कौसल्याचा. तिचा धाकटा भाऊ शिकून हेडमास्तर झाला. ही गुरं राखत राहिली.

"मी अंगठेवाली राहिली. माही नात नाही राहू देत! दिवाळीले माहा भाऊ परीक्षा घेईन. वाचता नाही आलं, तं पोरगी शाळेत!"

मला वाटलं सूनबाई रडणार. ती म्हणाली, "मंजूर!"

*

पण शिकवायचं कशातून? प्रीतीनं आधी मोबाईलवरून कोर्सचा डबा मागवला. परदेशी माल! पहिल्याच धड्यात कापडी बाहुली. बाहेर बर्फ पडतोय, बाहुलीला तयार करा. कोट, टोपी, मफलर सगळं सोबत.

ओवीनं कोट-टोपी फेकून दिली. मफलर मात्र बाहुलीच्या तोंडाला घट्ट गुंडाळला, डोळे तेवढे उघडे.

प्रीती म्हणाली, "बर्फात असं बांधतात का?"

"बर्फ कुठं आहे? देवरीले जाऊन राहिली ती. स्कूटीवर!"

डबा परत गेला.

*

मग नागपूरहून एक सेल्समन दोन कोर्स घेऊन आला. मी व्यापारी माणूस, सॅम्पल पाहिल्याशिवाय माल घेत नाही. "दोन्ही कोर्स काउंटरवर मांडा अन् बाजूला व्हा. पोरगी कशाला हात लावते बघू."

चित्रांची पुस्तकं, अक्षरांचे ठोकळे, चमकणारी कार्डं. ओवीनं सगळं सरकवलं आणि रिकाम्या खोक्यात जाऊन बसली. तो बिचारा अर्धा तास बोलला. शेवटी घाम पुसत म्हणाला, "तो शेठजी, कौनसा रख दूँ?"

खोक्यातून आवाज आला, "खोका ठेवा!"

अखेर प्रीतीनं काय निवडावं? पहिलीचं साधं सरकारी पुस्तक! माझ्याच दुकानातलं! मी डोक्याला हात लावला.

*

सपरीत, म्हणजे आमच्या पुढच्या पडवीत, वर्ग सुरू झाला. कौसल्या रोज पहाऱ्याला बसायची. सून शिकवते की मोबाईल बघते, याच्यावर नजर! एकदा गणितासाठी शेंगदाणे मांडले. ओवीनं तीनतीनदा मोजले, दर वेळी कमीच!

प्रीतीनं वळून पाहिलं. सासूबाईंचं तोंड हलत होतं.

"काऊन पाहून राहिली? वजाबाकीच तं शिकवत होती ना तू?"

*

भाऊबीजेला कौसल्याचा भाऊ आला. खेमराज गुरुजी. ओवाळणं झालं, फराळ झाला, आणि त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं.

"हे या घरात कोणी पाहिलेलं नाही. पाठांतर चालायचं नाही!"

ओवीला समोर बसवून ओळीवर बोट ठेवलं. "वाच बेटा."

ओवी गप्प. फ्रॉकची लेस पिळत बसली.

"वाच ना."

गप्पच! प्रीतीचा चेहरा उतरला. मी मनातल्या मनात युनिफॉर्मचं माप काढून मोकळा! गुरुजींनी मान हलवली आणि पुस्तक मिटायला घेतलं.

तेवढ्यात त्यांच्या खांद्यामागून आवाज आला, "मा-क-डा-ने... ढो-ल... वा-ज-व-ला. अवं, समोर तं लिहून आहे! वाच ना वं!"

गुरुजी सावकाश वळून बहिणीकडे बघत राहिले. पुस्तक अजून त्यांच्या हातात अर्धवट उघडंच.

ओवी मात्र उसळली, "आजी, तू रोजच मधात बोलते! आता तं माझा नंबर आहे ना!"